साहेबांची आई गरी टाकते

साहेबांच्या आईला बसता यायचं. कोणी म्हणेल, त्यात काय, बसता सगळ्यांनाच येतं. पण आठवून बघा, तुमच्या ओळखीतली कुठली बाई नुसती बसलेली तुम्ही शेवटची कधी बघितली? बसली असेल तर मांडीवर सूप असेल, पुढ्यात विळी असेल, वाती वळायला कापूस असेल, काहीच नाही तर शेजारणीच्या पोरीचं डोकं असेल विंचरायला. साहेबांची आई रोह्याला कुंडलिकेच्या काठी, एका जुन्या घाटाच्या पायरीवर, भेंडाच्या झाडाखाली दोन दोन तास बसायची. उजव्या हाताच्या बोटाला तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, गुंडाळलेली. दोरीचं दुसरं टोक पाण्यात, त्याला शिसाचा गोळा आणि गरी, माशाचा गळ. येणारा-जाणारा विचारी, "काय करतेस गो आजी?" मान न वळवता ती म्हणे, "दिसत नाय? बसलेय."

"मासे धरतेय" असं ती कधीच म्हणाली नाही. मासा लागला तर तो काठावरून पहिली जी बाई जाईल तिला मिळायचा. बहुतेक वेळा ती आदिवासी वाडीवरची, डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली कोणीतरी असायची. ती हसून ओच्यात मासा घ्यायची आणि चालू लागायची. साहेबांची आई परत गरीला कोळंबीचं डोकं लावायची आणि बसायची.

मी रोह्याला आले ती लग्न होऊन, पंच्याण्णव साल उलटल्यावर लगेच. माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचं आणि कोरडं. शाळा आठवीपर्यंत. नववीला पुढच्या गावाला चालत जावं लागायचं, म्हणून वडील म्हणाले, पुरे. आमचे हे धाटावला एका कंपनीत टेम्पररी होते. खोली एकच, दहा बाय दहाची. नाइट शिफ्ट करून हे सकाळी यायचे, जेवायचे आणि झोपायचे. आता एवढ्याशा खोलीत मी कितीही जपून वावरले तरी भांडं वाजायचं, बांगडी वाजायची, स्टोव्ह तर वाजायचाच. "तू जरा बाहेर जाऊन येतेस का गं?" हे म्हणायचे. रागानं नाही, झोपेनं.

बाहेर म्हणजे कुठं? चाळीतल्या बायका भरभर बोलायच्या, मला निम्मं कळायचं नाही. मी "व्हय की" म्हटलं, की एक दुसरीला कोपरानं ढोसायची. त्यात वाईट हेतू नसेल त्यांचा, पण मी मनात धरायची. मग मी दुपारी पिशवी घेऊन निघायची. रिकाम्या हातानं फिरणारी नवी नवरी लोकांच्या डोळ्यांत येते. हातात पिशवी असली की तिला काम आहे असं दिसतं. बाजारपेठेतून निघायचं, नदीच्या अंगानं पुलापर्यंत जायचं, परत यायचं, परत जायचं. माझी आई म्हणायची, रिकामी बसलेली बाई घराला अवदसा आणते. मी बसत नव्हते, पण रिकामी होते, आणि त्याची मला सारखी धास्ती असायची. कोणी विचारलं तर? विचारलंच एके दिवशी.

"कुठं निघालीस गो?"

"बाजारला."

"बाजार मागं राहिला."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"काल पण पिशवी रिकामी नेलीस, रिकामी आणलीस. परवा पण. पिशवीला हवा खायला नेतेस काय?"

मला रडू फुटलं. परक्या गावात, रस्त्यावर, भर दुपारी. ती उठली नाही, जवळ घेतलं नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. दोरीचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं तिनं पायरी थोपटली. "बस. पण बोलू नको जास्त. बोलण्यानं मासा पळत नाय, माझं बसणं पळतं."

तिथून माझ्या दुपारी सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस मला बसता आलं नाही. हात शिवशिवायचे. मी विचारलं, "आई, मी काय करू?" तर म्हणे, "काय नको." मी म्हटलं, "वातींचा कापूस आणू का? बसल्या बसल्या तेवढंच काहीतरी." ती म्हणाली, "आण. पाण्यात फेकीन." मग मी पायरीवरचं शेवाळ काडीनं खरडायला लागले. तेही तिनं बघितलं. "नदीचा घाट तुझ्या सासऱ्यानं बांधला काय? राहू दे की." एक दिवस असा आला की वरच्या वीजघरातून पाणी सोडलं होतं, नदी हळूहळू एकेक पायरी चढत होती, आणि ती आमच्या पायाशी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या वेळात माझ्या हातांनी काहीच केलेलं नाही. मी घाबरून साहेबांच्या आईकडं बघितलं. ती म्हणाली, "आलं तुला."

ती मूळची पेणच्या खाडीकडची, मिठागरातली. बाप मिठागरावर, नवरा मिठागरावर, तीही लहानपणापासून त्याच खाऱ्या चिखलात. पायाच्या टाचा बघितल्या की कळायचं. तिनं मला एकदा सांगितलं, "आमच्यात बाईला बसायला मिळंल असं एकच काम होतं. संध्याकाळच्या कालवणाला मासा पायजे, म्हणून आय मला गरी देऊन बांधावर बसवायची. बाकी सगळं वाकून, नायतर उभ्यानं, नायतर डोक्यावर घेऊन. बांधावर बसलं की कोण ओरडायचं नाय, काम चाललंय म्हणून. मला वाटायचं, हा तर खेळ हाय! मी कोणाला बोलले नाय. बोलले असते तर भावाला बसवलं असतं."

एवढं सांगून ती किती तरी वेळ हसत राहिली. दोरी हलू नये म्हणून पोटातल्या पोटात.

पोरगा पेणला शिकला, पुढं मोठा झाला, कंपनीत लागला, आईला रोह्याला घेऊन आला. आईनं आता आराम करायचा, एवढीच त्याची इच्छा. पण आराम म्हणजे काय करायचं हे त्यानं ठरवलेलं होतं. टीव्ही आणला. महिला भजनी मंडळात नाव घातलं. शेजारच्या बाईंकडून लोकरीचं तोरण शिकायला सांगितलं. साहेबांच्या आईनं यातलं काहीही धुडकावलं नाही. प्रत्येक गोष्टीला ती आठ दिवस द्यायची. "सून नवी आली तर तिला पण आठ दिवस देतो ना आपण, मग टीव्हीनं काय घोडं मारलंय?" आठ दिवस तिनं टीव्ही मन लावून बघितला. "त्यात एक बाई हाय. ती रोज रडते. मी इचारलं सुनेला, ही कशाला रडते? सून म्हणे, ते आठ महिने बघितलं तर कळंल. आठ महिने कोण रडवून घेईल गो?" तोरण अर्धं विणून झालं आणि ठेवलं. "बोटं तिथंच, डोळं तिथंच, मग मी कुठं जाऊ?" भजनाला मात्र ती आठ दिवसांहून जास्त गेली. आवाज चांगला होता तिचा. तिकडं तिला अडचण वेगळीच होती. "भजन बरं हाय. पण संपलं की बाया एकमेकींना इचारतात, माझा आवाज लागला ना, माझा लागला ना."

यावरून तिचं एक मोजमाप तयार झालं होतं. ते तिनं मला फार पुढं, पावसाळा सरून गेल्यावर सांगितलं. "करून आल्यावर जे चार जणींना सांगावंसं वाटतं ना, ते त्या चार जणींसाठी केलेलं असतं. जे कोणाला सांगावंसं वाटत नाय, तेवढंच आपलं." मी शाळेत पाठ केलेलं काही मला आता आठवत नाही. हे राहिलं. पुढं मला कोणी मंडळात बोलावलं, सहलीला बोलावलं, भिशीत घेतलं, की मी आठ दिवस देते आणि मग स्वतःला हे विचारते. फार थोडं उरतं. जे उरतं ते तुम्हाला सांगणार नाही, उघडच आहे.

ती कोण, हे मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. दसऱ्याला कंपनीत मशीनची पूजा होती, घरच्यांना बोलावलं होतं. मी यांच्यामागून पदर सावरत गेले. समोर खुर्चीवर रेशमी लुगडं नेसून, नाकात नथ घालून ती बसलेली. यांनी वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाले, "पाया पड. शिफ्टच्या साहेबांची आई आहेत." ज्या साहेबांच्या हातात यांचं परमनंट होणं होतं, त्या साहेबांची! मी वाकले. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाली, "ही कुठली गो नवी?" आणि आशीर्वाद देताना माझ्या डोक्यावर टिचकी मारली.

दुसऱ्या दिवशी मी घाटावर जावं की नाही याच विचारात होते. गेले, पण चार पायऱ्या वर उभी राहिले. "साहेबांच्या आई," मी म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं. मी काय बाय बोलले असेन..."

"साहेब माझ्या पोटातून आला तेव्हा साहेब नव्हता," ती म्हणाली. "खाली ये. उभ्यानं सावली पडते पाण्यावर."

मग तिनं सांगितलं की घरी ती गरीचं बोललेली नाही. दुपारी महादेवाच्या देवळात जाते, असं सांगून निघते. "खोटं नाय. जाते की. फूल वाहते, टाळी वाजवते, मग इथं येते. देव पण काय दोन तास बोलत नाय." गरीचं सामान देवळातल्या गुरवाच्या घरी, औषधाच्या बाटलीला गुंडाळून ठेवलेलं. का लपवायचं, ते माझ्या डोक्यात शिरेना. मासेच तर धरते, चोरी तर करत नाही. ती म्हणाली, "साहेब बंगल्यात आणि आय नदीवर गरी टाकून बसलेय. लोकं काय म्हणतील? पोरगा जेवायला घालत नाय म्हणतील. तो क्लबात जातो, पत्ते कुटतो, पिसाचं फूल मारतो इकडून तिकडं, घाम काढतो, तो खेळ. माझं ते पोटासाठी. असं असतं."

मला त्या दिवसापासून तिची काळजी लागली. मी पायरीवर बसले तरी एक डोळा रस्त्याकडं असायचा. तिची ती दुपारची जागा किती कच्च्या भिंतीवर उभी आहे हे मला कळलं होतं, आणि मला वाटायचं, ती पडली तर माझ्याकडूनच पडेल. असं आधीपासून वाटणारी माणसं असतात. आणि बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच पडते.

झालं असं, की मला दिवस गेले. जेवण जाईना. साहेबांच्या आईनं त्या दिवशी लागलेल्या दोन शिंगट्या वाडीवरच्या बाईला न देता देवळात फुलं आणायच्या डब्यात घातल्या आणि मला दिल्या. "कोकम टाकून तिखट कर. तोंडाला चव येईल." मी बाजरी-ज्वारीची, आयुष्यात सुकट तेवढी माहीत. तिनं सांगितलं तसं केलं आणि खरंच दोन भाकरी जेवले. डबा घासून, उन्हात वाळवून ठेवला. पण पुढचे चार दिवस ती घाटावर आलीच नाही. पाचव्या दिवशीही नाही. गुरवाची बायको म्हणाली, "ताप हाय म्हणं त्यांना."

मला राहवेना. त्यांच्या घरी जायचं ठरवलं. रिकामं कसं जायचं, तर डबा द्यायचं निमित्त. आणि डबा तरी रिकामा कसा द्यायचा? आमच्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तुमच्याकडंही करत नसतील. माहेराहून शेंगादाण्याची चटणी आली होती, ती भरली. काय बोलायचं ते वाटेत पन्नास वेळा घोकलं. माशाचं नाव काढायचं नाही. देवळात ओळख झाली, त्यांनी प्रसाद दिला होता, त्याचा डबा.

सुनेनं दार उघडलं. वहिनी बोलायला चांगल्या होत्या, अलिबागकडच्या. मी घोकलेलं सगळं न अडखळता म्हटलं. डब्यावर साहेबांचं नाव कोरलेलं होतं, त्यावरून बोट फिरवत त्यांनी झाकण उघडलं. नाकाशी नेलं. चटणीचा वास घेतात तसंच नेलं असेल. परत नेलं. मग माझ्याकडं बघितलं.

"महादेवाला हल्ली शिंगटीचा नैवेद्य दाखवतात का गं?"

माशाचं भांडं नुसतं घासून भागत नाही, त्याला चिंच लावावी लागते, हे या काठावरच्या पोरीबाळींनाही माहीत असतं. मला कोण सांगणार? माझ्या नाकाला काहीच कळलं नव्हतं. आणि शेंगांच्या तेलानं तर झाकणातला सगळा वास ओढून घेतला होता. वहिनींनी मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि दोनच प्रश्न विचारले. मी सगळं सांगितलं. त्यांनी दमदाटी केली असं मुळीच नाही. उलट बोलता बोलता मला वाटायला लागलं की त्यांना कळलं तर त्यांनाही आवडेल. "किती छान बसतात हो त्या," असंही मी म्हणाले. आतल्या खोलीत साहेबांची आई तापानं पडलेली होती. तिला ऐकू जात असणार.

ताप उतरल्यावर ती एकदाच घाटावर आली. मी आधीच येऊन बसले होते, पाया पडायच्या तयारीनं. तिनं मला बोलूच दिलं नाही. "डब्याला चिंच लावायची असते गो," ती म्हणाली. "तुझी चूक नाय. तुमच्याकडं पाणीच नाय." आणि बोटाला दोरी गुंडाळून बसली. थोड्या वेळानं वर स्कूटर थांबली.

साहेब ड्यूटीच्या कपड्यांत होते. मी उठून झाडाच्या मागं सरकले. ते पायऱ्या उतरून आईच्या बाजूला उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांचा आवाज कंपनीत भोंग्याएवढा म्हणून सगळे सांगायचे. पण ते इतकं हळू बोलले, की मी झाडामागं जवळच असून मला कान द्यावा लागला.

"आई, मी काय कमी केलं गं तुला?"

"काय कमी नाय केलंस," ती म्हणाली. "म्हणून तर बसायला मिळतं."

"मासे हवेत तर सांग ना. रोज आणतो बाजारातून. पापलेट आणतो."

"मासे नको मला."

"मग हे काय आहे?"

तिला ते सांगता येत नव्हतं. मला जे तिनं सांगितलं ते बाहेरची म्हणून सांगितलं होतं. पोराला कसं सांगायचं, की तू दिलेल्या सगळ्या सुखांमध्ये मला हे बांधावरचं आवडलं?

"कालच एकजण म्हणाला," साहेब म्हणाले, "तुमच्या मातोश्री नदीवर दिसल्या, घरी सगळं ठीक ना? कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर. मी काय सांगू त्याला?"

"सांग, आमच्या आयला पत्ते येत नाय."

साहेब हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी बघितलं आणि मान फिरवली. मग साहेबांच्या आईनं दोरी ओढायला सुरुवात केली. हात हात करून, नीट, गुंता न होऊ देता. गरी वर आली तेव्हा तिला लावलेलं कोळंबीचं डोकं तसंच होतं. ते तिनं पाण्यात टाकलं. दोरी बाटलीला गुंडाळली आणि म्हणाली, "चल. तुझी मान खाली जायला नको."

स्कूटरवर मागं बसताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मला ते बरंच वाटलं.

पुढं ती भजनालाच जायची. मी एकदोनदा देवळाच्या बाहेरून ऐकलं, आवाज लागत होता. दुपारी मी घाटावर जायची, पण एकटीला तिथं बसवेना. लोक बघतात असं वाटायचं. मी परत पिशवी घेऊन फिरायला लागले. मग पोर झालं आणि फिरणंही थांबलं. हे नोकरीत परमनंट झाले. साहेबांनी आमच्यावर कसलाही राग धरला नाही, हे इथं लिहायलाच हवं.

साहेबांनी पेणला ब्लॉक घेतला आणि ते तिथून कंपनीच्या बसनं येऊ-जाऊ लागले. आईला पेणला बरं वाटेल, तिचीच माणसं तिकडं, असं त्यांचं म्हणणं. दीडेक वर्षानं मी तिला भेटायला गेले. पोराला कडेवर घेऊन, एकटी, एसटीनं. तोवर मी एकटी कुठं गेले नव्हते. वाटेत गडब गावाला गाडी थांबली तेव्हा उतरावं आणि उलटी गाडी धरावी असं वाटलं. पण तिकीट पेणचं काढलेलं.

ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर. वहिनींनी पोहे केले, पोराला खेळायला वाट्या दिल्या, प्रेमानं वागल्या. साहेबांची आई गॅलरीत खुर्चीवर होती. सुकली होती. गॅलरीच्या खाली गणपतीचा कारखाना होता, अंगणात पांढऱ्या, बिनरंगाच्या मूर्ती रांगेनं उन्हात वाळत ठेवलेल्या. शंभर तरी असतील. ती मला म्हणाली, "बघ, सगळे बसलेत. त्यांना कोण इचारत नाय, काय करता म्हणून."

मी विचारलं, "आई, तुमची खाडी इथनं लांब आहे का?"

"मिनिडोर रिक्षानं अर्धा तास."

"गेला होतात?"

"पोरगा म्हणतो, रविवारी नेतो. रविवारी त्याची पण सुट्टी असते गो. त्याला पण कुठं तरी जायचं असंल." मग म्हणाली, "आणि नेलं तरी तो रस्त्यावर गाडीत थांबणार. हॉर्न वाजवणार नाय, गुणाचा हाय. पण आता वाजवंल, आता वाजवंल, असं मला वाटत राहणार. तसलं बसणं नको."

मला म्हणावंसं वाटलं, चला, मी नेते. मिनिडोरला काय, हात केला की थांबते. ओठावर आलं होतं. पण वहिनींना काय वाटेल, साहेबांना काय वाटेल, वाटेत तिला काही झालं तर, पोर रडलं तर, शेवटची एसटी चुकली तर. मी म्हटलंच नाही. पोहे खाल्ले.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. "तू बसतेस का गो अजून?"

"पोर लहान आहे. होत नाही."

"पोराला घेऊन बस. पोरं चांगली बसतात. आपणच उठवतो त्यांना."

त्याच्या पुढच्या वर्षी, श्रावणात, ती गेली. यांनी शिफ्टवरून येऊन सांगितलं. पाऊस एवढा होता की पेणची गाडी बंद. मी स्वयंपाक केला, भांडी घासली, सगळं रोजचं केलं.

महिना झाला असेल. दुपारी दार वाजलं. हे नाइट करून झोपलेले. दारात साहेब, डोक्यावर नुकते केस आलेले. मला वाटलं, यांच्या नोकरीचं काहीतरी झालं. साहेब म्हणाले, "त्याला उठवू नका. मी तुमच्याकडे आलोय." थोडं घुटमळले. "आई जिथे बसायची ती पायरी मला नीट आठवत नाही. दाखवता?"

मी पोराला शेजारणीकडं दिलं आणि निघाले. साहेब माझ्यापुढं चार पावलं, मी मागं. घाटावर पावसानं शेवाळ धरलं होतं. मी पायरी दाखवली. ते तिथं उभे राहिले, कमरेवर हात ठेवून, मशीन बघायला यावं तसे.

"इथे मासे लागायचे का पण?"

"कधी लागायचे. कधी नाही."

"नाही लागले तर?"

"तरी बसायच्या."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर पुढं शिकलेल्या कोणाकडं असेल तर असेल. साहेब पाण्याकडं बघत होते. "माझ्याबद्दल काही बोलायची?" त्यांनी विचारलं. मला खोटं सांगता आलं असतं, त्यांना बरंही वाटलं असतं. पण मागं एकदा मी त्यांच्या घरात घोकलेलं खोटं बोलले होते, आता धीर झाला नाही. मी म्हटलं, "नाही साहेब. इथं बसल्यावर त्या कोणाबद्दलच बोलत नव्हत्या."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, जातील आता. ते म्हणाले, "काय करायचं असतं इथे?"

"बसा," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, ओल्या पायरीवर पसरला आणि बसले. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. आधी गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीवर, मग बाजूला पायरीवर. मी दोन पायऱ्या वर बसले. नदी गढूळ, भरून चालली होती. कितीतरी वेळ गेला. यांची उठायची वेळ झाली, चहा ठेवायला हवा होता, शेजारीण पोराला किती वेळ सांभाळणार. मी उठले आणि म्हटलं, "साहेब, जायचं ना?"

"तुम्ही व्हा पुढे," ते पाण्याकडं बघतच म्हणाले.

मी पुढे झाले.